शाळेत डॉक्टर आले होते, मग काकांचा पाय तसाच का राहिला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमचे काका १९६८ साली मराठवाड्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला होते. लहानपणी पोलिओ होऊन त्यांचा उजवा पाय लुळा पडला होता. जुन्या कागदांत त्यांचं शाळेचं आरोग्यपत्रक सापडलं, त्यावर 'उ. पाय पोलिओ' अशी नोंद आहे आणि सल्ल्याच्या रकान्यात 'जिल्हा रुग्णालय' एवढंच लिहिलं आहे. काकांना कधीच कुठे नेलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. खेड्यातल्या अपंग मुलांसाठी तेव्हा शालेय आरोग्य सेवेत काही तरतूद होती का, आणि असेल तर टाळाटाळ डॉक्टरांनी केली की घरच्यांनी, असं तुम्ही विचारता.

मी सत्तरच्या दशकाच्या शेवटी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून लागलो आणि पुढची बहुतेक नोकरी खेड्यांतच केली. १९६८ साल मी नोकरीत पाहिलेलं नाही. पण त्या काळातली रजिस्टरं माझ्या कपाटात होती, ती भरणारे आरोग्य सहायक माझ्यासोबत काम करून निवृत्त झाले, आणि शाळा तपासणीची रीत मी लागलो तेव्हाही फारशी बदललेली नव्हती. त्या जोरावर लिहितो.

टाळाटाळ कोणाची हे शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही असं मला वाटतं. त्या पत्रकावरून एवढं दिसतं की तपासणी झाली, दोष नोंदवला गेला आणि सल्लाही दिला गेला. व्यवस्थेने स्वतःला नेमून दिलेलं काम तिथे संपलं होतं. सल्ला लिहिल्यापासून मूल खरोखर जिल्ह्याला पोहोचेपर्यंतचं काम कोणाचं, हा खरा प्रश्न आहे. आणि ते काम कोणालाच दिलेलं नव्हतं. डॉक्टरांना नाही, गुरुजींना नाही, ग्रामसेवकालाही नाही.

आधी कागदावर काय होतं ते पटकन सांगतो. आपल्याकडे शाळेतल्या मुलांची वैद्यकीय तपासणी पहिल्यांदा झाली ती १९०९ मध्ये बडोदा शहरात, सयाजीरावांच्या राज्यात. पुढच्या चार दशकांत ही कल्पना शहरांबाहेर फारशी गेली नाही. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालाने तर स्पष्टच म्हटलं की शालेय आरोग्य सेवा देशात जवळपास नाहीच आणि जिथे आहे तिथे अविकसित आहे. १९५२ पासून सामूहिक विकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रं निघू लागली आणि खेड्यातल्या शाळा तपासणं हे त्यांच्या कामांपैकी एक ठरलं. १९६० मध्ये केंद्र सरकारने रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमली. तिने १९६१ मध्ये शिफारस केली की मुलाची तपासणी शाळेत दाखल होताना आणि नंतर दर चार वर्षांनी व्हावी.

ही चार वर्षांची शिफारस नीट पाहा. खेड्यातल्या पुष्कळ शाळा तेव्हा चौथीपर्यंतच होत्या. म्हणजे शिफारस तंतोतंत पाळली तरी गावच्या शाळेत मुलाची एकच तपासणी व्हायची. पुढची पाचवीला, आणि ती दुसऱ्या गावच्या शाळेत. तिथपर्यंत न पोहोचणारं मूल पुन्हा डॉक्टरांच्या समोर येण्याचा प्रश्नच नव्हता. ताप, खरूज, जंत यांच्यासाठी ही रचना वाईट नव्हती. वाढत्या वयात ज्याचा पाय दर वर्षी थोडा अधिक आखडत जातो त्या मुलासाठी ती निरुपयोगी होती.

प्रत्यक्ष तपासणी कशी व्हायची ते सांगतो, कारण कागदपत्रांत हे सापडत नाही. केंद्राची जीप चालू असली आणि डिझेलला पैसे असले की आम्ही निघायचो. बरोबर आरोग्य सहायक, कधी परिचारिका, एक वजनकाटा, उंचीची पट्टी, टॉर्च, जीभ दाबायची पट्टी आणि डोळ्यांचा तक्ता. शाळेत दीड-दोनशे मुलं आणि हाताशी दुपारपर्यंतचा वेळ, म्हणजे एका मुलाला मिनिटभर. मुलं रांगेने पुढे यायची. पापणी ओढून रक्त कमी आहे का बघायचं, जीभ, दात, टॉन्सिल, नखं, डोक्यात उवा, अंगावर खरूज किंवा बधिर चट्टा, पोटात प्लीहा लागते का. डॉक्टर बोलायचे आणि गुरुजी लिहायचे. तुमच्या पत्रकावरचं अक्षरही बहुधा गुरुजींचंच असेल. दाखल्याच्या नोंदीशी पडताळून बघा.

या मिनिटभरात शोध असायचा न दिसणाऱ्या दोषाचा. काठी धरून किंवा गुडघ्यावर हात देऊन चालणारं मूल आलं की गुरुजी म्हणायचे, 'याचं ठाऊकच आहे, साहेब, पुढचा घ्या.' यात दुष्टपणा नव्हता. जे सगळ्या गावाला दिसतं ते तपासायचं काय, असा सरळ हिशेब होता. त्यामुळे काकांच्या पत्रकावर नोंद झाली हेच मला थोडं विशेष वाटतं. त्या दिवशीच्या डॉक्टरांनी निदान थांबून पाय पाहिला होता.

आता मुख्य मुद्दा. आमच्या पेटीत काय असायचं? जंताचं औषध, लोहाच्या गोळ्या, खरजेला बेन्झिल बेन्झोएट, जखमांना जेन्शन व्हायोलेट, पुढे अ जीवनसत्त्व. ही सगळी एका भेटीत देऊन मोकळं होण्यासारखी औषधं. शाळा तपासणी उभी होती ती या औषधांच्या आधारावर. अपंगत्वाचं तसं नसतं. पोलिओच्या पायाला लागतं ते पुन्हा पुन्हा भेटणारं माणूस: आखडलेला गुडघा रोज ताणणं, गरज पडली तर आखडलेल्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) मोकळ्या करण्याची शस्त्रक्रिया, मग प्लास्टर, मग कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा धातूच्या पट्ट्यांचा सांगाडा, आणि मूल वाढलं की नवं कॅलिपर. वाढत्या मुलाचं कॅलिपर वर्षभरात आखूड पडतं. चामडी पट्टा तुटतो, बुटाचा तळ झिजतो. ते दुरुस्त करणारा माणूस तालुक्याला तर सोडाच, पुष्कळ जिल्ह्यांतही नव्हता.

मग 'जिल्हा रुग्णालय' लिहून काय साधणार होतं? काका १९६८ मध्ये तिथे गेले असते तरी अस्थिरोगतज्ज्ञ भेटण्याची शाश्वती नव्हती. तिथून आणखी एक चिठ्ठी मिळाली असती, तेव्हाच्या औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची, जे १९५६ मध्ये निघालं होतं. कॅलिपर आणि पुनर्वसनाचं खरं काम चाले ते मुंबईला हाजी अलीच्या संस्थेत, जी १९५५ पासून होती. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं, पण ते मुळात सैनिकांसाठी. शेतमजूर घरातल्या कोणी मुलाला घेऊन मुंबईला महिनाभर राहायचं, मजुरी बुडवायची आणि कॅलिपर आखूड पडलं की पुन्हा जायचं. घरच्यांनी 'टाळलं' असं म्हणण्याआधी हा हिशेब मांडून बघा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सल्ला त्यांच्यापर्यंत पोहोचला होता का तेही तपासा. आरोग्यपत्रकं शाळेच्या कपाटात राहत, घरी जात नसत. तुमच्याकडचं पत्रक शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर आलं असेल, तर 'जिल्हा रुग्णालय' हे शब्द घरात आले तेच शाळा सुटल्यावर.

व्यवस्थेला हे जमतच नव्हतं असं मात्र नाही. त्याच काळात, त्याच शाळांमध्ये एक काम चांगलं चालू होतं: कुष्ठरोगाचं. वर्ध्याला १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघालं आणि त्यांनी पाहणी, शिक्षण आणि उपचार असं तिन्ही एकत्र करण्याची पद्धत बसवली. १९५५ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. कुष्ठरोग तंत्रज्ञ शाळेत येई, मुलांच्या पाठी, दंड, गाल बघे, चट्टा सापडला तर पिसाने किंवा कापसाने संवेदना तपासे. इथपर्यंत आमच्यासारखंच. फरक पुढचा. तोच माणूस पुढच्या महिन्यात सायकलवर पुन्हा यायचा. त्याच्या पिशवीत डॅप्सोनच्या, म्हणजे कुष्ठरोगावरच्या गोळ्या असायच्या, रजिस्टरमध्ये त्या मुलाच्या नावापुढे बारा चौकोन असायचे आणि एखादा रिकामा राहिला तर त्याचा साहेब त्याला विचारायचा. शोधणारा आणि पाठपुरावा करणारा एकच. पोलिओच्या, बहिऱ्या किंवा आंधळ्या मुलाच्या नावापुढे असे बारा चौकोन कधी कोणी आखले नाहीत. पैसा कमी होता हे खरं, पण डॅप्सोनच्या कार्यक्रमाकडे तरी कुठे ढीगभर होता? माझ्या मते जबाबदारीची आखणी नव्हती, हे पैशाइतकंच मोठं कारण होतं.

कुष्ठरोगाच्या उदाहरणाची दुसरी बाजूही सांगायला हवी. वर्गात सगळ्यांसमोर चट्टा तपासला की दुसऱ्या दिवशी ते मूल शाळेत दिसत नसे. कधी घरचेच बसवून ठेवत, कधी गावकरी गुरुजींना भाग पाडत. जुने जाणते तंत्रज्ञ म्हणून कोणाचंच नाव घेत नसत. सगळ्या मुलांना सारखंच तपासायचे आणि संध्याकाळी गुपचूप घरी जायचे. दोष शोधून काढणं म्हणजे मुलाचं भलंच असं आपण गृहीत धरतो. पुढची सोय नसताना शोधलं तर नुसता शिक्का बसतो.

पाठपुरावा का नव्हता याचं आणखी एक कारण खात्यांच्या विभागणीत आहे. मूल तपासायचं आरोग्य खात्याने. शाळेत बसवायचं शिक्षण खात्याने. आणि अपंग मुलाची खास शाळा, वसतिगृह, शिष्यवृत्ती, साधनं हे सगळं समाजकल्याण खात्याकडे. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर ही तिन्ही खाती एकाच इमारतीत बसू लागली, पण कागद एका दारातून दुसऱ्या दारात जायला वर्ष लागे. आमच्या तपासणीचा मासिक अहवाल वर जायचा तो आकड्यांचा: इतकी तपासली, इतकी सदोष, इतकी संदर्भित. नावं जात नसत. समाजकल्याण अधिकाऱ्याला त्या आकड्यावरून कोणत्या गावात कोणतं मूल आहे हे कळणार कसं?

खास शाळा होत्या, पण कुठे? मुंबईत मुक्या-बहिऱ्यांची शाळा १८८५ पासून. दादरची अंध मुलींची शाळा १९०० ची. पुढे इतर शहरांतही निघाल्या आणि अनुदानं मिळत गेली. खेड्यातल्या मुलाला तिथे पाठवायचं म्हणजे सहाव्या-सातव्या वर्षी घरापासून तोडून वसतिगृहात ठेवायचं. मुलगा असला तर एखादा बाप तयार व्हायचा. मुलगी असली तर विषयच निघत नसे. आनंदवनासारखी ठिकाणं, जिथे कुष्ठरुग्णांच्या वसाहतीतच अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा उभ्या राहिल्या, ती वेगळी होती. ती खेड्याच्या जवळ होती आणि तिथे पुढच्या आयुष्याचाही विचार होता. पण अशी ठिकाणं हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी.

आता एक गोष्ट जी तुमच्या प्रश्नात नाही, पण तुम्ही या विषयावर लिहिणार असाल तर तिच्यावाचून चित्र अर्धं राहील. काका निदान पटावर होते. शाळा तपासणी पटावरच्या मुलांचीच व्हायची. ज्यांना सगळ्यात जास्त गरज होती, म्हणजे दोन्ही पाय गेलेली, जन्मापासून न ऐकणारी, मतिमंद, वरचेवर फिट येणारी मुलं, ती पटावर नव्हतीच. सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यांतही आजारपण किंवा शारीरिक दुर्बलता हे मुलाला शाळेत न पाठवण्याचं ग्राह्य कारण धरलं जाई. मास्तर पटनोंदणीला घरोघर फिरत तेव्हा अशा मुलापुढे शेरा मारून पुढे जात. जनगणनेतही हेच. ब्रिटिश काळात १८७२ ते १९३१ पर्यंत आंधळे, मुके-बहिरे, वेडे आणि कुष्ठरोगी यांची मोजणी व्हायची. १९४१ पासून ती थांबली. पुन्हा झाली १९८१ ला, तीही फक्त पूर्ण आंधळे, पूर्ण पांगळे आणि पूर्ण मुके एवढ्यांची. १९९१ ला परत गाळली, मग २००१ पासून नियमित. म्हणजे काकांच्या सगळ्या शालेय वयात सरकारकडे अशा मुलांचा आकडाच नव्हता. आकडा नसला की तरतूद मागणार कशाच्या बळावर?

शाळेचाही यात वाटा होता, तो सहसा कोणी सांगत नाही. मुलं तरटाच्या पट्टीवर मांडी घालून पाच-पाच तास बसायची. पोलिओच्या पायाचा गुडघा आधीच वाकण्याकडे ओढ घेत असतो. तो असा रोज वाकवून ठेवला की आखडतो आणि मग सरळ होत नाही. अशा मुलाला पाय लांब करून भिंतीशी बसू द्या, मधल्या सुट्टीत दोघा मित्रांनी गुडघा हळू ताणून धरा, एवढं जरी कोणी गुरुजींना शिकवलं असतं तरी फरक पडला असता. त्याला पैसे लागत नव्हते. मी जिथे जिथे सांगितलं तिथे शिक्षकांनी आनंदाने केलं, कारण बहुतेकांना आपण काही करू शकतो हेच माहीत नव्हतं. मुलींचं आणखी एक: शाळेला संडास नसायचा. ज्या मुलीला उकिडवं बसता येत नाही आणि लांब चालता येत नाही, ती दहा-अकरा वर्षांची झाली की शाळा सोडायची. तपासणीच्या कोणत्याही पत्रकावर याला रकाना नव्हता.

सगळ्या प्रकारच्या अपंगत्वाचं सारखं नशीब नव्हतं. डोळ्यांचं बरं होतं. सहा मीटरवरून तक्ता वाचायला लावायचा, न वाचणाऱ्या मुलाला 'ई'चा तक्ता दाखवून बोटांनी दिशा सांगायला लावायची. हे शिक्षकालाही जमतं, म्हणूनच पुढे अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शिक्षकांनाच शिकवलं गेलं. कारण सापडलं तर उपाय चष्मा, आणि तो तालुक्याला मिळतो. १९७० पासून लहान मुलांना सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा डोस सुरू झाला आणि रातांधळेपणापासून बुबुळ फुटण्यापर्यंतची मालिका हळूहळू मागे पडली. मी लागलो तेव्हा अशी मुलं अधूनमधून दिसायची, निवृत्त होताना नव्या डॉक्टरांनी ती फक्त पुस्तकात पाहिली होती.

कानाचं मात्र फार वाईट. पाठीमागून नाव पुकारायचं किंवा कुजबुजायचं, हीच आमची तपासणी. श्रवणमापक यंत्र मोठ्या रुग्णालयातच. वाहता कान इतका सर्रास की घरचे त्याला आजार मानत नसत. त्याने निम्मं ऐकू येणारं मूल वर्गात 'मठ्ठ' ठरायचं आणि पट्टी खायचं. माझ्या मते ग्रामीण शाळांनी सगळ्यात जास्त मुलं गमावली ती अशी, अपंग म्हणून नोंदच न झालेली. आणि जन्मतः बहिरं मूल सहाव्या वर्षी शाळेत सापडून तरी काय? भाषा पकडण्याचं वय पहिली तीन वर्षं. शाळेतली तपासणी त्याच्या दृष्टीने मुळातच उशिरा होती. पोलिओचंही तेच: पायाची काळजी घ्यायची ती तापानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, शाळेचा दाखला निघण्याच्या कितीतरी आधी. मतिमंद मुलांबद्दल तर पत्रकावर काही लिहायची सोयच नव्हती. फिट येणाऱ्या मुलाला गोळ्या सुरू करून शाळेत टिकवता येत होतं, पण नियमित पुरवठा हवा, आणि देवऋषाकडून आमच्यापर्यंत यायला घरच्यांना वर्षं लागायची.

डॉक्टर काय करत होते, हेही विचाराल. साठ-सत्तरच्या दशकातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर साठ हजार ते लाखभर लोकसंख्या असायची. वर देवी निर्मूलन, हिवताप, कुटुंब नियोजन. आणीबाणीच्या दोन वर्षांत तर नसबंदीच्या आकड्यांपुढे बाकी कशालाच वेळ नव्हता. शाळा तपासणीवरून कोणाची बदली झाल्याचं किंवा वेतनवाढ रोखल्याचं मी ऐकलेलं नाही. कुटुंब नियोजनाच्या उद्दिष्टावरून दोन्ही व्हायचं. माणूस ज्याचा जाब विचारला जातो तेच आधी करतो.

काकांच्या नंतर काय बदललं ते भराभर सांगतो. १९७४ मध्ये केंद्राची अपंग एकात्म शिक्षण योजना आली. पुस्तकं, गणवेश, प्रवासभत्ता, जास्त अपंग मुलासाठी मदतनीस, अंध मुलासाठी वाचक अशा गोष्टी तिच्यात होत्या. सुरुवातीला ती समाजकल्याणाकडे होती, १९८२ मध्ये शिक्षण खात्याकडे गेली. आमच्या भागात ती चालली ती जिथे एखाद्या संस्थेने हातात घेतली तिथेच. १९८१ पासून साधनांसाठी केंद्राचं अर्थसाहाय्य मिळू लागलं. १९८५ च्या सुमारास जिल्हा पुनर्वसन केंद्रं निघाली, त्यांतलं एक तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात विरारला. केंद्राच्या १९८७ च्या अपंग एकात्म शिक्षण प्रकल्पात एका विकास गटातल्या, म्हणजे साधारण तालुक्याएवढ्या भागातल्या, सगळ्या साध्या शाळा अपंग मुलांसाठी तयार करण्याचा प्रयोग झाला, महाराष्ट्रही त्यात होता. तो विचार मला सगळ्यात पटला. गट एवढाच आकार असा आहे की जिथे एक माणूस सगळ्या मुलांना नावाने ओळखू शकतो.

अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या कायद्याने दर वर्षी किमान एकदा सगळ्या मुलांची चाचणी आणि अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण हे सरकारचं कर्तव्य ठरवलं. २००१ नंतर सर्व शिक्षा अभियानात दर विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला १२०० रुपये आले, गट साधन केंद्रांत विशेष शिक्षक आले. या शिबिरांत मी बसलो आहे. एका शिबिरात मापं घ्यायची, काही महिन्यांनी दुसऱ्या शिबिरात कॅलिपर वाटायचं. तोवर मूल वाढलेलं. खिशात ठेवायची श्रवणयंत्रं मिळायची, पेन्सिल सेल संपला की ती फडताळात जायची. शस्त्रक्रियेच्या शिबिरांचंही तसंच. कंडरा सोडवून पाय सरळ केला, प्लास्टर घातलं, शल्यविशारद परत गेले आणि प्लास्टर काढल्यावर व्यायाम करून घ्यायला कोणी नाही. काही मुलं चालू लागली, काहींचे पाय पुन्हा वाकले. ज्यांच्या गावाजवळ फिजिओथेरपिस्ट किंवा चिकाटीचा विशेष शिक्षक होता ती चालली, असं माझं निरीक्षण आहे.

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली, तेव्हा पहिल्यांदा जुनी दोन भोकं बुजवायचा प्रयत्न दिसला. फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातं, म्हणजे शाळेच्या आधीचं मूलही कक्षेत आलं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत. आणि पुढच्या उपचारासाठी जिल्ह्याला शीघ्र हस्तक्षेप केंद्र ठरवलं. तरी जिल्ह्याच्या केंद्रापर्यंतच्या एस.टी.च्या फेऱ्या आणि बुडालेली मजुरी आजही घरच्यांच्याच माथी असते. पथकातल्या एखाद्याने फोन करकरून पिच्छा पुरवला तर मूल पोहोचतं.

आता तुमच्या काकांकडे. शाळा चौथीलाच का सुटली, हे पायावर ढकलण्याआधी एक बघा: गावात पाचवी होती का? नसेल तर पाचवीची शाळा किती कोसांवर होती, मध्ये ओढा होता का, बस होती का? मला दाट शंका आहे की शाळा सुटली ती रस्त्यामुळे. पायाचा उपचार झाला नसता तरी सायकलवर डबलसीट नेणारं कोणी असतं तर ते सातवीपर्यंत गेले असते. घरातल्या बायकांनाही विचारा. अशा मुलाला कडेवर, पाठीवर शाळेत सोडणारी बहुधा आई किंवा थोरली बहीण असायची, आणि बहिणीचं लग्न झालं की शाळा थांबायची.

कागद शोधायचे असतील तर शाळेचं जनरल रजिस्टर आधी मागा. ते कायम जपायचं असतं आणि त्यात शाळा सोडल्याचं कारण लिहायचा रकाना असतो. तिथे 'अपंग' लिहिलेलं क्वचित सापडेल. 'सतत गैरहजर', 'घरकाम' असंच असेल, तेव्हा एकाच वर्षी नाव कमी झालेली सगळी मुलं बघून मग गावातल्या म्हाताऱ्यांना त्यांच्याबद्दल विचारा. आरोग्य केंद्राची तपासणी रजिस्टरं मुदतीनंतर नष्ट केली जातात, ती मिळण्याची आशा कमी. साठ-सत्तरच्या दशकातलं जिल्हा गॅझेटियर आणि जिल्हा परिषदेचे वार्षिक प्रशासन अहवाल बघा, त्यांत केंद्रं कधी निघाली आणि पदं किती भरलेली होती हे कळेल. डॉक्टरचं पदच रिकामं होतं असं निघालं तर त्या वर्षांपुरता सगळा तर्क बदलेल.

आणि एक विनंती. ही रजिस्टरं चाळताना कुष्ठरोगाच्या, फिटच्या, 'वेडसर' अशा नोंदी नावानिशी समोर येतील. त्या उतरवून घेऊ नका आणि लेखात गावाच्या नावासकट तर मुळीच आणू नका. त्या घरांतल्या नातवंडांच्या सोयरिकी अजून त्याच पंचक्रोशीत जुळतात.